सावळ्याचा निळा कसा झाला

आषाढात ताम्हिणीच्या तोंडाशी उभं राहिलं की ढग अंगावर येतो. तो निळा नसतो. शाईच्या पाण्यात चुलीतली राख कालवावी तसा त्याचा रंग, आणि उजेड फिरला की तोही फिरतो. ‘मेघश्याम’ हा शब्द घडवणाऱ्यानं असाच ढग पाहिला असणार. इथे मुळशीत, आमच्या ओसरीवर, कृष्णाचं चित्र रंगवता रंगवता नात विचारते, “आजी, सावळा खडू कुठाय?” तेलखडूच्या डबीत तो नसतोच. मग ती निळा उचलते, कार्टूनमधल्या कृष्णासारखा.

या निळ्याचं कूळ जुनं आहे. संस्कृतात ‘नील’ म्हणजे गडद निळ्यापासून पार काळ्यापर्यंत सगळं. आपल्या संतांनीही देवाला सावळा म्हटलं, निळाही म्हटलं. शब्दाला ते जमतं. चित्रकाराला मात्र कुंचला एका कुठल्या तरी वाटीत बुडवावाच लागतो. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांत कृष्णाला निळा किंवा निळसर करडा रंग मिळाला. भोवती गोऱ्या गोपी आणि अंगावर पिवळा पीतांबर, त्यामुळे गर्दीतही तो चटकन सापडतो. पात्र लांबूनही ओळखू यावं म्हणून रंग द्यायचा, ही ॲनिमेशनवाल्यांची रीत तिथे आधीच होती.

पुढचा टप्पा आमच्या डोंगरापलीकडे, मावळात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना काही वर्षांनी मळवलीला आला. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद एकामागून एक त्या सगळ्या दगडांवरून जायचा. ही चित्रं घरोघरच्या भिंतींवर लागली आणि देवाची निळसर कांती लोकांच्या डोळ्यांत कायमची बसली.

याच छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मात्र रंगाविना देव उभे केले, आणि मला या कुळकथेतला हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. पडद्यावर निळ्याचा ठिपकाही नाही, तरी तो कृष्णच होता. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये (१९१५) तर त्यांनी साध्या काड्या चौकटीगणिक सरकवून जिवंत केल्या. पात्र रंगावाचूनही घडतं, याचा एवढा जुना पुरावा आपल्याच घरात आहे.

पुढे रंगीत ॲनिमेशनमध्ये सेलचा जमाना आला. सेल म्हणजे पारदर्शक ताव; त्यावर पुढून रेषा काढायची आणि मागून सपाट रंग भरायचा. सपाट भरलेला सावळा मळकट दिसतो, माती आणि झाडोऱ्यात बुडून जातो. निळा उठून दिसतो. हजारो सेल रंगवणाऱ्यांनी निळा धरला, तर त्यांना दोष कसा द्यावा?

पण आता ती अडचण कुठे आहे? पुण्याच्या बिग ॲनिमेशनचा ‘लिटल कृष्णा’ २००९ साली आला तोच त्रिमितीत, संगणकावर हवी ती छटा मिळत असताना. कृष्ण निळाच राहिला. आणि कित्येक कार्टूनांत काळासावळा रंग जातो तो राक्षसांच्या वाट्याला. माझी नात सावळी आहे. पडद्यावर तिच्या रंगाचा दिसतो तो मार खाणारा, हे मला सलतं.

पुण्यात ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरांनो, आषाढात एकदा ताम्हिणीला या. संगणक घरी ठेवा. ढग उतरला की त्याचा रंग नीट बघा, आणि तोच कृष्णाला द्या.