बीपची कुळकथा

डेस्कटॉप सुरू करताच येणारी ती छोटीशी ‘बीप’ म्हणजे एका तपासणीचा निकाल असतो. या तपासणीचं मूळ व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात आहे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली ‘व्हर्लविंड’ हा संगणक उभा राहिला आणि १९५१मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे ५,००० ट्यूब होत्या. एखादी ढिली पडली तरी सगळं गणित बिघडायचं. म्हणून तिथे ‘मार्जिनल चेकिंग’ची पद्धत बसवली. मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करायचं आणि चाचणीचा प्रोग्रॅम चालवायचा. धडधाकट ट्यूब हा ताण सोसते, थकलेली तिथेच उघडी पडते. ती ऐन कामात दगा देण्याआधीच बदलायची.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला. तो टेबलाटेबलावर जाणार होता आणि प्रत्येक टेबलाशी इंजिनिअर बसणार नव्हता. म्हणून तपासनीसच रॉममध्ये बसवला. त्याचं नाव ‘पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट’, म्हणजेच ‘पोस्ट’. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो, मग रॉममधल्या मजकुराची बेरीज जुळवतो, मग मेमरीचे पहिले १६ केबी आणि त्यानंतर डिस्प्ले. जो भाग पारखून झाला, त्याच्याच भरवशावर पुढचा पारखायचा. डिस्प्लेची पाळी उशिरा येते, तोच नादुरुस्त असेल तर तक्रार दाखवणार कुठे? ते काम स्पीकरकडे आलं: एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेत दोष.

पडदा चालू असेल तर निदान थेट चिपपर्यंत पोचायचं. समजा, ‘०४२० २०१’ असे आकडे उमटले. २०१ म्हणजे मेमरीत बिघाड, ०४ म्हणजे चिपांची दुसरी ओळ आणि २० म्हणजे त्या ओळीतली नेमकी एक चिप. नऊ चिपांच्या ओळीतून तेवढी उपसायची, नवी बसवायची.

१९८४च्या पीसी-एटीपासून पोस्ट प्रत्येक टप्प्याचा क्रमांक एका ठरलेल्या पोर्टवर पाठवू लागली. तो वाचून दोन अंकांत दाखवणारं ‘डिबग कार्ड’ दुरुस्तीच्या टेबलावर आलं. आजच्या अनेक मदरबोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट.

या घराण्याने शिकवलेली शिस्त प्रत्येकाने अंगी बाणवावी असं मला मनापासून वाटतं. मशीन बंद पडलं की अंदाजाने महागडा भाग विकत आणू नका. वीज काढा, मदरबोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि छोटा स्पीकर एवढंच ठेवा आणि रॅमशिवाय सुरू करा. मेमरी नसल्याची बीप आली, तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान तिथवर काम करत आहेत. मग वीज बंद करून रॅमची एकच पट्टी लावा, पुन्हा सुरू करा; त्यानंतर ग्राफिक्स कार्ड, मग डिस्क. जो भाग लावल्यावर गाडी अडली, त्याच्या जागी चालू असल्याची खात्री असलेला दुसरा लावून बघा. पैसे त्यानंतरच खर्च करा.