जंजिऱ्याचे शेत पाण्यावर

श्रोतेहो, दिल्ली दरवाज्यातून उत्तरेस निघालेला रस्ता हर्सूल गावावरून अजिंठ्याकडे जातो. येथून समुद्र सुमारे शंभर कोस दूर. तेव्हा हर्सूलसारख्या गावी राहणाऱ्या मजसारख्या मनुष्याने समुद्रातील एका बेटावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आलमगिराच्या छावणीतील शिपायाने येथल्या बाजारात जो रुपया मोडला, त्याची चांदी या देशात निपजलेली नव्हती. मोखा व जेद्दा येथे आपले कापड विकून व्यापारी ती आणीत. ती सुरतेस उतरे, तेथील टांकसाळीत तिचे रुपये पडत, आणि मग ते फौजेच्या पगारातून दख्खनेत पसरत. या चांदीच्या जहाजांचा पहारेकरी होता जंजिऱ्याचा सिद्दी.

अरबी भाषेत ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याचेच आपण जंजिरा केले. मुरूडजवळील राजपुरीच्या खाडीतोंडी असलेल्या या खडकावर पूर्वी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, असे सांगतात. पुढे तो निजामशाहीकडे गेला व तेथे हबशी सरदारांचा अंमल बसला. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून बहुधा गुलाम म्हणूनच समुद्रमार्गे आले होते. 1610 साली आपल्या या शहराचा, म्हणजे त्या वेळच्या खडकीचा, पाया घालणारा मलिक अंबर हाही त्याच मुलुखातून विकला जाऊन आलेला पुरुष होता.

आता प्रश्न असा, की या बेटाने खावे काय? तटाच्या आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. परंतु सैन्यास व खलाशांस पोसणारी शेते तेथे कोठून असणार? समोरच्या किनाऱ्यावरील भात, श्रीवर्धनची सुपारी, नारळाच्या बागा आणि कोळ्यांची मासळी, एवढ्यावर एक लहानशी जहागीर चालली असती. आरमार चालले नसते. लाकूड, दोर, शिडे, तोफा, दारू आणि खलाशांचे पगार यांस रोकड लागते. ती रोकड सिद्द्यास समुद्रानेच दिली.

1636 साली निजामशाही बुडाली तेव्हा सिद्दी विजापूरकरांकडे गेले. 1670 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यास निकराचा वेढा दिला. किल्लेदार फत्तेखान किल्ला देण्यास राजी झाला. तेव्हा त्याच्याच सरदारांनी त्यास कैद करून मोगलांची चाकरी पत्करली. हा सौदा दोघांच्याही गरजेचा होता. बादशहाजवळ घोडदळ अफाट, पण मक्केस जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी जहाजे राखण्यास आरमार तुटपुंजे. सिद्द्याजवळ आरमार होते, पण ते पोसण्यास मुलूख नव्हता. तेव्हा सुरतेच्या महसुलातून सिद्द्यास तनखा मिळू लागला. महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी बेटापर्यंत सेतू बांधण्याचे धाडस आरंभिले. पण 1682 साली मोगल फौज कल्याण प्रांती उतरली आणि महाराजांस तिकडे वळावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये बादशहा स्वतः आपल्या या शहरी येऊन दाखल झाला. जंजिऱ्याचा तट केवळ चुन्यादगडाने राखला नाही. त्यामागे सुरतेचा पैसा आणि मोगलांची फौज उभी होती.

मात्र ही समृद्धी कोणाच्या जिवावर, हेही पाहिले पाहिजे. सिद्द्याच्या गलबतांनी कोकणातील गावे लुटली, माणसे धरून नेली व गुलाम म्हणून विकली. ज्यांचे पूर्वज स्वतः विकले गेले होते, त्यांच्याच हातून हे घडावे, हा इतिहासातील मोठा विषाद आहे. श्रीवर्धनचे देशमुख भट हे सिद्द्याच्या अंमलास कंटाळून देश सोडून घाटावर आले. त्यांपैकी बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले, आणि त्यांच्याच पुत्राने, बाजीरावाने, 1733 साली जंजिऱ्यावर मोहीम काढली.

परंतु सिद्द्याचा घात त्याआधीच सुरू झाला होता. 1695 साली हेन्री एव्हरी नामक इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे बादशाही जहाज गंज-इ-सवाई लुटले. बादशहाने सुरतेच्या इंग्रजांस कैदेत टाकले व युरोपीय कंपन्यांकडून यात्रेकरूंच्या जहाजांस संरक्षण मागितले. जे काम सिद्द्याचे, त्यास आता दुसरे धनी मिळाले. पुढे 1736 साली चिमाजी अप्पांनी रेवासजवळ सिद्दी सात यास ठार केले. शेवटी 1759 साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि बादशाही आरमाराचा अधिकार तनख्यासह स्वतःकडे घेतला. तटाचा एक चिरा न ढळता जंजिऱ्याच्या सामर्थ्याचा झरा आटला. राज्य पुढे 1948 पर्यंत नावापुरते टिकले. त्या साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

जंजिरा अजिंक्य राहिला, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे; पण अर्धेच. ज्या बेटाचे शेत पाण्यावर असते, त्याचे पीक दुसऱ्याच्या हाती असते. जहाजे दुसऱ्याची, माल दुसऱ्याचा, तनखाही दुसऱ्याचा. सिद्द्याची होती ती केवळ पहाऱ्याची कला. ती कला विकत घेणारा दुबळा होताच भिंती शाबूत राहिल्या, राज्य मात्र पोकळ झाले.

सेतू बांधू पाहणाऱ्या त्या राजाचे नाव आज या शहरास आहे. त्याने वेढा तटास दिला, परंतु बेटाची नाळ सुरतेशी जोडलेली होती. किल्ला पाहावयास जाल, श्रोतेहो, तेव्हा तोफांकडे पाहून झाल्यावर क्षणभर पाठ वळवून समुद्राकडे पाहावे. त्या राज्याचा खजिना त्या दिशेस होता.