ग्लिसरिनचे उलटे नशीब

ज्या ग्लिसरिनवाचून एकेकाळी तोफा मुक्या झाल्या असत्या, तेच आज कोठे टाकावे या विवंचनेत कारखानदार पडावेत, हा रसायनाच्या इतिहासातील मोठाच चमत्कार म्हटला पाहिजे. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी होऊन चरबी मिळेनाशी झाली. स्फोटकांसाठी ग्लिसरिन तर हवेच! तेव्हा कोन्स्टाइन व ल्यूडेके यांनी साखरेच्या पाकात सल्फाइट घालून किण्वाकडून ग्लिसरिन करवून घेतले, महिन्याला सुमारे १००० टन.

आता गंगा उलटी वाहू लागली आहे. तेलापासून बायोडिझेल करताना दर १० किलो इंधनामागे सुमारे १ किलो ग्लिसरिन उरते. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी या इंधनाच्या मिश्रणावर धावली, तेव्हा कौतुक इंधनाचे झाले; तळाशी राहिलेल्या गाळाची वास्तपुस्त कोण करणार? हे ग्लिसरिन औषधाच्या दुकानातले नव्हे. त्यात विषारी मिथेनॉल, क्षार व साबण मिसळलेले असतात, आणि ते शुद्ध करण्याचा खर्च लहान कारखान्याला झेपत नाही.

उपायाची खूण मात्र १८८१ सालीच सापडली होती. आउगुस्ट फ्रॉइंड यांना आंबलेल्या ग्लिसरिनमध्ये ट्रायमेथिलीन ग्लायकॉल आढळले. आज त्यापासून कापडाचे धागे होतात. क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम हा जंतू ते करतो, शिवाय ब्युटॅनॉलही देतो. एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातला परिचित जंतू प्राणवायूवाचून ग्लिसरिन आंबवीत नाही, असा समज दीर्घकाळ होता. द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवल्यास तोही हे काम करतो, असे २००६ साली टेक्ससमधील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले.

असे जंतू शोधण्याची रीत साधी, पण चिकाटीची. चिखल वा सांडपाणी घ्यावे, त्याला कच्चे ग्लिसरिन एवढेच अन्न द्यावे, आणि त्यातून जे तगतील ते पुन्हा पुन्हा वाढवावे. माधवगंज ज्या ग्वाल्हेरात आहे, तेथील पूर्वीच्या जिवाजी औद्योगिक संशोधनशाळेच्या, म्हणजे आजच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी थंड प्रदेशातील जंतू निवडून, हळूहळू सवय लावून, हिमप्रदेशातील सैनिकांच्या मैल्यापासून वायू करविला. पदार्थ निराळा, परीक्षा तीच.

अडचण आहे ती जंतूच्या जिवाची. ब्युटॅनॉल शेकडा दोनच्या आसपास साचले, की ते निर्माण करणारा जंतूच गुदमरतो, आणि उरलेले ग्लिसरिन पिंपात तसेच राहते.