एका गळ्याचे चार गळे

आमच्या घरची गणपतीची आरती हा एके काळी आळीतला मान्यवर गोंगाट होता. चौदा गळे आणि चौदा पट्ट्या! कुणी काळी एक, कुणी पांढरी चार, आणि आमचा दादा ज्या पट्टीत गायचा ती पट्टी अजून कुठल्याही पेटीवाल्याला सापडलेली नाही. दादा माझा मोठा भाऊ. अर्धा सूर खाली आणि अर्धा शब्द मागे, ही त्याची ठरलेली जागा. सगळ्यांची ओळ संपली, की मग दादाचं शेवटचं अक्षर यायचं, गाडी सुटल्यावर फलाटावर धावत येणाऱ्या माणसासारखं. यावरून मी त्याच्याशी पन्नास वर्षं भांडलो.

आता मुलं पांगली, त्यांच्याबरोबर गळेही पांगले. दादाला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी आरतीला आम्ही तिघंच होतो: मी, वहिनी आणि दादाचा मुलगा. पैकी वहिनी टाळ वाजवतात आणि चिरंजीव घंटा. म्हणजे गळा एकच, तोही माझा. आरती झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, मी एक प्लगइन लिहितोय. तुम्ही एकट्यानं गायचं, बाकीचे तीन आवाज तो काढणार."

प्लगइन म्हटल्यावर मी आधी भिंतीकडे पाहिलं. त्यानं समजावून सांगितलं, की संगणकात ध्वनिमुद्रणाचा एक मोठा प्रोग्राम असतो आणि त्यात खोचायचा हा छोटा प्रोग्राम. खोचायची खाच कशी असावी याचा एक नमुना हाम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली ठरवला, म्हणून एकाने केलेला प्लग दुसऱ्याच्या प्रोग्रामात बसू लागला. (आमच्या घरातल्या तीन पिनांना हे अजून साधलेलं नाही.)

औषधाची गोळी घेण्यापूर्वी बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणाऱ्यांपैकी मी आहे. तेव्हा या गोळीचंही मूळ शोधत निघालो, आणि पोचलो ते गवयाच्या नव्हे, टेलिफोनवाल्याच्या दारात.

१९२८ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये होमर डडली नावाचे इंजिनिअर होते. समुद्राखालच्या तारेतून माणसाचं बोलणं कसं पाठवावं, हा त्यांच्यापुढचा पेच. तार बारीक आणि आवाज लठ्ठ! डडलींनी विचार केला, सगळा आवाज पाठवायचाच कशाला? गळा नुसता भुणभुणतो. त्या भुणभुणीचे शब्द करतं ते तोंड. मग भुणभुण किती उंच आणि तोंडाचा आकार कसा, एवढा हिशेब पाठवला की पलीकडच्या यंत्राने त्यावरून माणूस पुन्हा उभा करावा. या यंत्राचं नाव व्होकोडर. त्याचंच भावंड व्होडर. ते १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं होतं. एक मुलगी पेटीवाल्याच्या थाटात त्याच्यापुढे बसायची, बोटांनी शब्द घडवायची, पायाने आवाज उंच-खाली करायची, आणि यंत्र इंग्रजी बोलायचं. मात्र ते वाजवायला शिकायचं म्हणजे वर्षभराची मेहनत. एवढ्या वेळात पाळण्यातलं पोर फुकटात बोलू लागतं!

पुढे युद्धात याच व्होकोडरच्या जोरावर सिगसॅली नावाची गुप्त टेलिफोनव्यवस्था झाली. १९४३ साली ती सुरू झाली. वजन पन्नास टनांच्या वर. लंडनचं टोक सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाच्या तळघरात. वर गिऱ्हाइकं हातमोजे निवडताहेत आणि खाली जगाचा निकाल लागतोय.

पण एका गळ्याचे अनेक गळे करण्याचा गाण्यातला पराक्रम लेस पॉल यांचा. हे गिटारवादक. बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना एक ॲम्पेक्स टेपरेकॉर्डर दिला होता. आधी गायलेलं वाजवत ठेवायचं आणि त्यावर नवा आवाज चढवायचा, अशी त्यांची युक्ती. १९५१ साली त्यांनी पत्नी मेरी फोर्ड यांच्याबरोबर 'हाउ हाय द मून' काढलं. त्यात मेरीबाई स्वतःच स्वतःच्या मैत्रिणी होऊन गातात. गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिलं होतं. या पद्धतीत धोका एकच. वरचा थर चढवताना चूक झाली, की खालचे सगळे थर वाया आणि पुन्हा श्रीगणेशा. आम्हां संसारी माणसांना हे नवीन नाही.

पुतण्याला मात्र एकदाच गाऊन चार आवाज हवे होते. त्याला सोपी वाट म्हणजे टेप जोरात फिरवणं. १९५८ साली रॉस बॅगडासॅरियन यांनी असं करून चिपमंक जातीच्या खारींना गायला लावलं. सूर चढला खरा, पण गाणारा मुठीत मावेल एवढा झाला! कारण डडलींनी वेगळे केलेले गळा आणि तोंड टेपने पुन्हा एकत्र शिवले. गळा उंच गेला की तोंडही लहान होणार.

१९७५ साली इव्हेंटाइड कंपनीचं एच-९१० हार्मोनायझर बाजारात आलं. गाण्याची लांबी न बदलता ते सूर वर-खाली करी. आता हे यंत्र घ्यायला गायकांची रांग लागली असेल, असं तुम्हांला वाटेल. पण पहिल्या गिऱ्हाइकांत न्यूयॉर्कचं एक टीव्ही केंद्र होतं. जुनी विनोदी मालिका थोडी जोरात पळवायची, उरलेल्या वेळात जास्त जाहिराती घालायच्या, आणि त्यामुळे चढलेले आवाज या यंत्राने खाली आणायचे. नव्या विद्येची पहिली पूजा बहुधा जाहिरातवाल्याच्या हातूनच व्हायची असते.

तोंड न आवळता सूर चढवण्याची एक सुटसुटीत रीत कीथ लेंट यांनी १९८९ साली छापली. आवाजाच्या प्रत्येक फेऱ्याचा एकेक मणी सोडवायचा, मणी तसेच ठेवायचे आणि दोऱ्यातलं अंतर तेवढं कमी-जास्त करायचं. पण एक फेरा कुठे संपतो, हे आधी कळायला नको का? हा प्रश्न घेऊन आपण थेट तेलविहिरींवर जातो. अँडी हिल्डेब्रांड हे बासरी वाजवणारे गृहस्थ तेल कंपनीत होते. जमिनीला हादरे द्यायचे आणि प्रतिध्वनीवरून खाली काय दडलंय ते गणिताने काढायचं, हा त्यांचा धंदा. एकदा जेवणाच्या टेबलावर एक बाई थट्टेनं म्हणाल्या, "मला सुरात गाता येईल असं काहीतरी यंत्र करा ना!" थट्टा अंगाशी येते ती अशी. १९९७ साली ऑटोट्यून निघालं. आवाजाची लाट तिच्याच नकलेवर सरकवत न्यायची. जिथे दोन्ही पुन्हा जुळतील तिथे एक फेरा पुरा. तेल शोधणाऱ्याला बेसूरपणाचे साठे सापडले, आणि ते तेलाहून मुबलक निघाले! १९९८ साली शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये याच औषधाचा डोस मुद्दाम जास्त दिला. गंमत म्हणजे निर्मात्यांनी सुरुवातीला दुसऱ्याच यंत्राचं नाव सांगितलं. मसाल्याची कृती शेजारणीला सांगताना असंच करायचं असतं.

एवढ्या पूर्वजांची पुण्याई पाठीशी घेऊन पुतण्याचा प्लगइन तयार झाला आणि पहिल्या चाचणीला मी भूप गायला बसलो. पहिली आपत्ती अशी, की लाट एका फेऱ्यावर जुळते तशी दोन फेऱ्यांवरही जुळते. त्यामुळे यंत्राने मला मधूनच एक सप्तक खाली धरलं आणि तळघरातून कुणीतरी ओरडल्यासारखा आवाज आला. दुसरी आपत्ती 'स'ची. 'स', 'श' यांना सूर नसतो, नुसता वारा असतो. यंत्र वाऱ्यातही सूर शोधत बसलं, आणि चार 'स' मिळून कुकरची शिट्टी झाली. तेव्हा या अक्षरांच्या वाटेला जायचं नाही, असं त्याला बजावावं लागलं.

तिसरी आपत्ती धर्मसंकटाची होती. पाश्चात्त्य रीतीने दुसरा आवाज एक सूर सोडून वर बसतो. मी सा लावला, त्यानं गंधार लावला. छान. मी रिषभावर गेलो, त्यानं मध्यम लावला. मी पंचमावर, तो निषादावर. भूपात मध्यम आणि निषाद! माझ्या गुरुजींनी तंबोरा खाली ठेवून चपला घातल्या असत्या. आपल्याकडे सोबत असते ती तंबोऱ्याची. बरोबरच्या गवयानं त्याच वेळी भलताच सूर लावला तर त्याला आपण हार्मनी नाही, भांडण म्हणतो. शेवटी मी भूपाचे पाच सूर लिहून दिले आणि या पाचांतलाच एक सोडून पुढचा घ्यावा, असा तह झाला. रिषभावर पंचम आला आणि शांतता नांदू लागली.

आता चार आवाज बिनचूक आले. पण ऐकताना अंगावर काटा आला तो भलत्याच कारणाने. चौघांचा श्वास एकदम, शब्द एकदम, खाकरणंसुद्धा एकदम! लाँड्रीतून घडी करून आलेल्या चार शर्टांसारखे चौघे उभे. पुतण्या म्हणाला, "हा रोग जुनाच आहे काका. म्हणून असल्या प्लगइनमध्ये ह्युमनाइज नावाची कळ देतात. ती फिरवली की एकेक आवाज जरा मागेपुढे होतो, जरा ढळतो." मी पोट धरधरून हसलो. इतकी वर्षं चुका काढायच्या आणि मग चुका घालायला कळ बसवायची!

यंदा गणपतीला संगणक देव्हाऱ्याशेजारी मांडला. वहिनींनी टाळ घेतले. मी सुरुवात केली, तिघं मागून आले. ओळ संपली. मी थांबलो, दोघं थांबले, आणि सगळं शांत झाल्यावर अर्धा सूर खालून एक अक्षर धावत आलं.

"अरे, वेळेवर ये की!" मी सवयीनं ओरडलो. मग भान आलं.

टाळ थांबले होते. पुतण्या संगणकाकडे पाहत म्हणाला, "जुन्या आरतीची कॅसेट मिळाली होती. बाबा किती मागे असायचे ते मोजायला दोन रात्री बसलो."

वहिनींनी पदरानं टाळ पुसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "अजून थोडं मागे घे रे. ह्यांचं याहून उशिरा यायचं."

त्यानं कळ फिरवली. आम्ही आरती पहिल्यापासून घेतली.