लाभार्थ्याचे बांधकाम

किल्लारीच्या भूकंपाची कागदपत्रे वाचायला घेतली की पहिली ठेच तारखेलाच लागते. परदेशी भूकंपतज्ज्ञांच्या अहवालांवर २९ सप्टेंबर १९९३ ही तारीख आहे, आपल्याकडच्या सरकारी कागदांवर ३० सप्टेंबर. दोन्ही बरोबर. ग्रिनिचच्या वेळेने २९ तारखेच्या रात्रीचे १० वाजून २५ मिनिटे झाली होती, तेव्हा औसा तालुक्यात ३० तारखेची पहाट होती, ३ वाजून ५६ मिनिटे. विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. भूकंपाची तीव्रता कुठे ६.२ लिहिलेली आढळते, कुठे ६.४, तिथे मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. मृतांची सरकारी संख्या ७,९२८ आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८. हा फरक मात्र मोजपट्टीवर ढकलता येत नाही.

मला इथे मृतांचा हिशेब पुन्हा मांडायचा नाही. त्यानंतरच्या पाच वर्षांत लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात जे बांधले गेले, ते कोणी बांधले, कोणाच्या जोखमीवर बांधले, आणि त्याबद्दल कागद काय सांगतात नि काय गिळतात, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात नकाशापासून करावी लागते. भूकंपाच्या दिवशी अमलात असलेली बांधकाम-संहिता म्हणजे आयएस १८९३, तिची १९८४ची आवृत्ती. तिच्या नकाशात किल्लारी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होती. खरे तर जमिनीने इशारा दिला होता. १९९२च्या ऑगस्टपासून लहान धक्के नोंदले जात होते आणि १८ ऑक्टोबर १९९२चा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. पण धक्के आले म्हणून नकाशा लगेच बदलत नाही. तो बदलला २००२मध्ये. संहितेतून पहिला विभागच काढून टाकला गेला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. योगायोग असा की साध्या दगड-विटांची घरे भूकंपात टिकावीत म्हणून काय करावे, हे सांगणारी आयएस १३८२८ ही संहिता नेमकी १९९३चीच आहे.

घर कसे पडले, याबद्दल सगळे अभियांत्रिकी अहवाल एकाच ठिकाणी येतात. तेरणा नदीकाठचे जुने घर म्हणजे माळवद: लाकडी खांब, तुळया, कड्या, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. भिंत काळ्या दगडाची, दोन-अडीच फूट जाड, कधी त्याहून जास्त. चुना-सिमेंट नाही, सगळे मातीत. बाहेरून पाहिले तर किल्ला. आत मात्र दोन वेगवेगळ्या दगडी पडद्या, मधल्या जागेत गोटे नि माती, आणि दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. हादरा बसला तशी भिंत पोटातून फुटली. लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभाच राहिला. माणसे भिंतींखाली सापडली. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माती चढवायची रीत. वर्षावर्षाने थर वाढत जातो, दोन फुटांपर्यंतही पोचतो. घराची निगा राखणे आणि डोक्यावरचे ओझे वाढवणे हे एकच काम होते. हे वाचताना मी दर वेळी थबकतो. यात निष्काळजीपणा कुठे शोधायचा?

मग आला महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प. १९९४मध्ये जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने २४.६ कोटी डॉलरचे कर्ज दिले. मुंबईत प्रकल्प व्यवस्थापन कक्ष उभा राहिला. काम १९९८पर्यंत चालले, १३ जिल्ह्यांत पसरले. या सगळ्या कारभाराचा कणा म्हणजे तीन अक्षरांची वर्गवारी. ‘अ’ वर्गात ५२ गावे: नव्या जागी पूर्ण पुनर्वसन. ‘ब’ वर्गात २२ गावे: आहे त्याच जागी पुनर्बांधणी. ‘क’ वर्गात सुमारे २,४०० गावे: दुरुस्ती आणि मजबुतीकरण.

गाव हलवायचे की नाही, हे ठरवणारी कसोटी दुहेरी होती. ७० टक्क्यांहून अधिक घरे उद्ध्वस्त झाली आहेत का, आणि गावाखाली काळ्या कापसाच्या जमिनीचा थर दोन मीटरहून खोल आहे का. मराठवाड्यात ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. पांढरीखाली काळी किती खोल आहे, यावर पांढरी उठवायची की ठेवायची हे ठरणे, असा प्रसंग कुळकर्ण्याच्या दप्तरातही कधी आला नसेल. अभियंत्याच्या बाजूने कसोटी समजण्यासारखी आहे: काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पायाला छळते. पण एकदा अक्षर लागले की त्यासोबत सगळेच ठरून येत होते. पैसे किती, घर कोण बांधणार, चूक झाली तर कोणाच्या गळ्यात.

‘अ’ वर्गात घर तयार मिळायचे. आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. सुमारे २७-२८ हजार घरे, काही सरकारी कंत्राटदारांनी बांधलेली, काही देणगीदार संस्थांनी. सिमेंटच्या ठोकळ्यांपासून घुमटाकार घरांपर्यंत नाना प्रयोग झाले. दगड मात्र जवळजवळ कुठेच नाही. दगडाने माणसे मारली होती, त्याला पुन्हा हात लावायला कोणी तयार नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी गावोगाव सभा घेतल्या, जागा आणि नकाशे लोकांपुढे ठेवले. कागदावर हा लोकसहभाग. पण ज्याचे घर आणि माणसे गेली त्याला नकाशा दाखवला तर तो काय मागणार? मोठा प्लॉट आणि रुंद रस्ता. तेच मागितले आणि तेच मिळाले. चौकटी-चौकटीची गावे उभी राहिली, जुन्यापेक्षा कित्येक पट पसरलेली. घराचा आकार जमिनीवरून ठरल्याने ७५०वाले एकीकडे आणि २५०वाले दुसरीकडे, असे नवे मोहल्ले पडले. पुढे अभ्यासकांनी ही गावे पुन्हा पाहिली, तेव्हा लोकांनी जुन्या घरांचे दगड नि लाकूड आणून याच घरांना भिंती आणि खोल्या जोडलेल्या त्यांना आढळल्या. भीती तोवर ओसरली होती, आणि नव्या घरात बैल, कडबा, ज्वारीची पोती ठेवायला जागा नव्हती.

या ५२ गावांबद्दल लिहिणारे पुष्कळ. फोटो काढायला ती सोपी आहेत. मला खरी गोष्ट ‘क’ वर्गात दिसते.

२,४०० गावे आणि जवळपास दोन लाख घरे. सरळ भागाकार केला तर गावामागे ऐंशीच्या आसपास. इथे सरकार घर बांधून देणार नव्हते. नुकसानीच्या प्रतीनुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्यांनी मिळणार, गावासाठी कनिष्ठ अभियंता येणार, आणि बांधणारा स्वतः घरमालक. ‘ब’ वर्गातही जवळपास हीच रीत होती, रक्कम तेवढी मोठी: ६२ हजार. कागदांत या घरमालकाचे एकच नाव आहे: लाभार्थी.

हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. लाभार्थी म्हणजे घेणारा, हात पुढे करून बसलेला. आता हप्त्याचा नियम समोर ठेवून त्या माणसाचे काम मांडून बघा. काम एका टप्प्याला गेलेले अभियंत्याला दिसल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. म्हणजे तोवरची गवंड्याची मजुरी कुठून तरी उभी करायची. शेजारच्या ऐंशी घरांनाही तोच गवंडी हवा आहे, म्हणजे दर त्याचा. सिमेंट आणून ठेवायचे, ते पावसापासून आणि चोरापासून राखायचे. काँक्रीटला पाणी मारायचे, तेही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जिथे ते पाणी बहुधा बाईच्या डोक्यावरून येणार. शिवाय पेरणी आली की गवंड्याच्या हाताखालचे बिगारी शेतावर जाणार आणि मालकही. एखादा कंत्राटदार ही सगळी कामे करतो तेव्हा त्याला नफा, देखरेख आणि जोखीम असे वेगवेगळे रकाने मिळतात. लाभार्थ्याच्या अर्जात यातला एकही रकाना नाही. प्रकल्पाच्या किमतीत कर्जाचा पैसा आहे, राज्याचा वाटा आहे, सल्लागारांचे मानधन आहे. या दोन लाख घरांतल्या माणसांचे दिवस कुठेच मोजलेले नाहीत. हिशेबातली ही पोकळी मला मृतांच्या दोन आकड्यांइतकीच बोलकी वाटते.

तरीही हीच पद्धत चालली. त्यात बायकांचा भाग मोठा होता, आणि तो सरकारी अहवालातही मान्य केलेला आहे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सरकारने लोकसहभागाचे सल्लागार नेमले. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका पुढे आल्या. नाव कारकुनी आहे. काम तसे नव्हते: कोणाचा हप्ता अडला, अभियंता किती दिवसांत फिरकला नाही, नव्या भिंतीत काँक्रीटचा आडवा पट्टा घातला की नुसताच गिलावा मारला, हे सगळे पाहायचे आणि विचारायचे. बांधकामाची देखरेख म्हणतात ती हीच.

आता बदलाची गोष्ट. प्रकल्पाने पैसे दिले होते मजबुतीकरणासाठी. अभियंत्यांची कृती अशी: माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे आधार ठोका, भिंतीतले काही दगड हलक्या हाताने काढून त्या आरपार भोकात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पडद्या एकमेकींना धरतील, वरून पट्टा बांधा. स्वस्त, शास्त्रशुद्ध, करून पाहिलेले उपाय. आणि लोकांनी काय केले? बहुतेकांनी जुन्या भिंतीला हातच लावला नाही. मिळालेल्या पैशात, वर पदरचे घालून, शेजारी एक नवी खोली बांधली. विटांची, वर स्लॅब किंवा पत्रा.

तांत्रिक लेखांत ही नोंद थोड्या निराशेने येते. मजबुतीकरणाचा स्वीकार कमी झाला, असे म्हटले जाते. मला ती निराशा पटत नाही. भिंतीच्या पोटात घातलेली सळई दिसत नाही. तिच्यावर विश्वास ठेवायला अभियंत्यावर विश्वास लागतो. नवी खोली दिसते. तिथे पोरे झोपवता येतात. भूकंप रात्री झाला होता. धोका आवरायचा तर झोपायची जागा आधी सुरक्षित करायची, हा हिशेब अडाणीपणाचा नाही. उणीव इतकीच राहिली की जुने माळवद तसेच उभे राहिले, आणि त्यात म्हातारी माणसे नि गुरे राहत राहिली. सरकारने १९९८मध्ये ग्रामीण घरांच्या भूकंपरोधक बांधकामाची आणि मजबुतीकरणाची मार्गदर्शिका काढली. ती चांगली आहे, आकृत्या स्वच्छ आहेत. गवंडी ती वाचून काम करत नाही, शेजारच्या गवंड्याचे पाहून करतो. पण दोष मार्गदर्शिकेचा म्हणता येणार नाही.

घरमालकाच्या हाती बांधकाम देण्याची ही रीत पुढे दूरवर गेली. २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरले, तेव्हा गुजरातने पुनर्बांधणीचा मोठा भाग मालकांवरच सोपवला. लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे जाऊन आपला अनुभव सांगून आल्या. प्रवीणसिंह परदेशी १९९३मध्ये लातूरचे जिल्हाधिकारी होते. तेही पुढे आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचले. माणसांचा प्रवास कागदात सापडतो. गवंड्यांचा सापडत नाही.

मराठवाड्यात धक्के त्यानंतरही येत राहिले. किल्लारीहून ईशान्येला नांदेड. तिथे २००६-०७च्या सुमारास शहराखालून बारीक धक्के आणि आवाज येत होते आणि लोक घाबरून रस्त्यावर येत होते. २१ मार्च २०२४च्या सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. दोन्ही नांदेडला जाणवले. किल्लारीच्या आदल्या वर्षीचा १८ ऑक्टोबरचा धक्काही ४.५चाच होता, पण त्यावरून भाकीत काढू नये. असे धक्के बहुतेक वेळा येतात आणि जातात. मार्चमधल्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने लोकांना एक साधे आवाहन केले. माळवदे आता कमी उरली, घरांवर पत्रे आले. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले असतात. ते दगड खाली काढून ठेवा, असे त्या आवाहनात म्हटले होते.