कृष्णाकाठची द्राक्षे आणि इटलीची फेसाळती वाइन

१/ २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि वाइन पार्कसाठी दोन ठिकाणे निवडली: नाशिकचे विंचूर व सांगलीचे पलूस. नाशिक वाइनचे केंद्र झाले. सांगलीची ओळख मात्र बेदाण्याचीच राहिली. असे का? 🧵

२/ आधी वाइन फेसाळते कशी, ते पाहू. यीस्ट द्राक्षरसातील साखर खाते. त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. एरवी हा वायू उडून जातो. तयार वाइन साखर व यीस्ट घालून बंद भांड्यात पुन्हा आंबवली, की तो वाइनमध्येच मुरतो.

३/ शॅम्पेनमध्ये हे भांडे म्हणजे बाटली. १८९५ साली इटलीतील आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी बंद टाकीच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये फ्रान्सच्या यूजीन शार्मा यांनी ती सुधारली. प्रोसेको मुख्यतः अशाच टाकीत होते. श्रम वाचतात, फळाचा ताजा गंध टिकतो.

४/ या वाइनला आंबटपणा हवा. म्हणून द्राक्षे लवकर तोडतात. तासगावची ‘तास-ए-गणेश’ आणि थॉमसन सीडलेस ही गोड, बिनबियांची वाणे खाण्यासाठी व बेदाण्यासाठी. वाइनसाठी शेनिन ब्लांसारख्या वाणाची स्वतंत्र बाग लावावी लागते.

५/ खरा पेच इथेच आहे. बेदाणा शीतगृहात ठेवून भाव येईल तेव्हा सौद्यात काढता येतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. २००८च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी अशा बागा उपटल्या.

६/ इटली या भागात आली ती दुसऱ्या वाटेने. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला २००७ साली ‘फ्रातेली’ सुरू झाली. इटालियनमध्ये याचा अर्थ ‘भाऊ’: सेच्ची, मोहिते-पाटील व सेखरी या तीन घरांतील भाऊ त्यात भागीदार. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी मार्गदर्शक. कंपनीने बागा स्वतःच्याच लावल्या, जोखीमही तिचीच.

७/ आता ताटाकडे. इटलीत प्रोसेको जेवणापूर्वी खारट, तळलेल्या पदार्थांबरोबर घेतात. आंबटपणा व बुडबुडे जिभेवरचे तेल धुतात. त्या न्यायाने कांदाभजी किंवा सांगलीचे सौम्य भडंग जुळेल. झणझणीत रश्श्याबरोबर कोरडी वाइन तिखट अधिकच पेटवते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यापुढे ती आंबट लागते. तिथे आस्तीची गोड मोस्कातो बरी.

८/ पलूस ते अकलूज अंतर फार नाही. जमीन, ऊन व पाणी यांइतकाच महत्त्वाचा ठरला तो एक प्रश्न: माल पडून राहिला तर तोटा कोणाचा? तासगावच्या बागायतदाराने त्याचे उत्तर बेदाण्यात शोधले. 🍇