रे रोड, परळ आणि सशाचे यकृत

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाला ज्यांचे नाव आहे, ते लॉर्ड रे सन १८८५ पासून १८९० पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. आणि त्यांच्याच अमदानीत, १८८६ साली, परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या पशुरुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू होऊन जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. धान्याची गोदामे, लाकडाच्या वखारी आणि दारूखान्यातील भंगार यांवरून ज्या भागाची ओळख ठरली, त्याच्या नावाशी मुक्या जनावरांच्या वैद्यकाचा असा संबंध असावा, हे तेथून रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

पुढे १८९६ मध्ये मांडवीत प्लेग प्रकटला, तेव्हा सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकीन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केलेली लस त्यांनी आधी सशांवर आजमावली, नंतर १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस असो की उपदंशाची वासरमान चाचणी असो, त्या काळच्या जंतुशास्त्राचे पान सशावाचून हलत नसे. परंतु ससे बाळगायचे म्हणजे पिंजरे आले, आणि पिंजऱ्यांमागोमाग सशाच्या यकृताचा एक पुरातन रोगही आला.

हा रोग म्हणजे यकृताचा कॉक्सिडिओसिस. हॉलंडातील लेव्हेनहुक याने १६७४ मध्ये सशाच्या पित्तात अंडाकृती कण पाहिले. १८३९ मध्ये हेक नामक इंग्रज वैद्याने यकृतावरील गाठींना कर्करोग मानले. आणि १८६५ मध्ये लिंडेमान याने स्टीडा या शास्त्रज्ञाच्या गौरवार्थ या परोपजीवीला नाव दिले, तेच आज आयमेरिया स्टायडी या रूपात रूढ आहे. दृष्टीस पडलेल्या वस्तूचा अर्थ लागावयास अशी जवळजवळ दोन शतके गेली.

या परोपजीवीची पक्व पुटी चाऱ्यापाण्यातून सशाच्या पोटात गेली की तिच्यातील अंकुर आतड्याची भिंत ओलांडून यकृतात पोहोचतात आणि पित्तनलिकांच्या अस्तरात वाढतात. नलिका फुगतात, यकृत कित्येक पटींनी मोठे होऊन त्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी उठतात; नुकतेच आईपासून तोडलेले पिल्लू खाणे सोडते, त्याचे पोट सुटते, पाठीचा कणा हाताला लागतो, आणि पुष्कळदा ते दगावते. मोठा ससा मात्र वरकरणी धडधाकट राहून लेंड्यांतून पुट्या टाकीत राहतो.

खरी मेख येथेच आहे. लेंडीतून नुकतीच पडलेली पुटी निरुपद्रवी असते. ओल, ऊब आणि हवा मिळून दोन-तीन दिवस गेले म्हणजे ती पक्व होते. आपल्या माळरानावरचा ससा झुडपाच्या आडोशाने एकटा राहतो, तेव्हा पक्व झालेली पुटी त्याच्या तोंडी क्वचितच लागते. उलट पिंजऱ्यात निजण्याची, चरण्याची आणि मलविसर्जनाची जागा एकच, आणि आषाढ-श्रावणात समुद्राकाठच्या या भागात गवत काय, गोणपाट काय, सुकेल तर शपथ.

सन १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, ती दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड खेळवून रोग हटवावा या हेतूने. प्लेगाचे मूळ उंदरांच्या पिसवांत असल्याने ती तजवीज अर्धीच लागू पडली. सशांच्या या रोगाला मात्र तोच उपाय तंतोतंत लागू पडतो. १९४० च्या दशकात सल्फा औषधे आली; तरी ती परोपजीवीची वाढ रोखतात, पिंजऱ्यातील पुट्या नाहीशा करीत नाहीत, आणि नेहमीच्या जंतुनाशकांनाही त्या दाद देत नाहीत. उकळते पाणी, कडक ऊन, जाळीचा तळ, उंच टांगलेला घास आणि दररोज उचललेल्या लेंड्या, एवढाच खरा बंदोबस्त. म्हणजे पिंजरे झाडणारा गडी हाच सशांचा पहिला वैद्य ठरतो. आणि ज्या लसींच्या श्रेयाची नोंद शास्त्रज्ञांच्या नावे सरकारी दप्तरात झाली, त्यांच्या सिद्धतेत त्याच्या झाडूचाही वाटा धरावयास हवा.